पावसाळाभर गावी उभी असलेली गाडी सुरू होत नाही, काय तपासायचं?

जूनच्या सुरुवातीला गाडी मांगरात, म्हणजे वाडीतल्या शेडमध्ये, लावायची, वर ताडपत्री ओढायची आणि मुंबई गाठायची. मग थेट चतुर्थीला येऊन किल्ली फिरवायची, तर गाडी ढिम्म. तळकोकणात गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करताना भाद्रपदात मला येणारे बरेचसे फोन याच दुखण्याचे असतात. काही जण थेट नवी बॅटरी आणून बसवतात, आणि त्यातल्या कित्येकांची जुनी बॅटरी नुसती चार्ज करून पुढचं वर्षभर चालली असती. काही जण सेल्फ मारत राहतात आणि बॅटरीच्या दुखण्यात चांगला सेल्फही (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घालवतात. म्हणून मी ज्या क्रमाने गाडी बघतो तो क्रम इथे लिहितोय. फुकटात होणारं आधी, खर्चाचं शेवटी.

पण यंदा गाडीच्या जागी पाणी चढलं होतं असं शेजारी सांगत असतील, तर किल्लीला हात लावू नका. आधी ‘पाणी शिरलं असेल तर’ हा भाग वाचा.

लक्षणं

काच खाली करा, पंखा, एसी, रेडिओ बंद ठेवा, किल्ली एकदाच फिरवा आणि नीट ऐका. निम्मं निदान या एका फिरवण्यात होतं.

डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, हॉर्न नाही, सेंट्रल लॉक चालत नाही: बॅटरी पार उतरलीय किंवा टर्मिनल सुटलंय.

दिवे लागतात, पण सेल्फ मारताच मंदावतात आणि बोनेटखालून कट-कट-कट-कट असा भराभर आवाज येतो: बॅटरीत थोडा जीव आहे, सेल्फ फिरवण्याइतका नाही. किंवा टर्मिनल सैल, गंजलेलं आहे.

एकदाच ठळक ‘टक्’ होतं, दिवे फारसे मंदावत नाहीत: सेल्फ किंवा त्याच्याकडे जाणारी जाड वायर.

दिवे झक्क, आवाज काहीच नाही: क्लचचा किंवा गिअरचा स्विच, सेल्फचा रिले (सेल्फला करंट सोडणारा छोटा स्विच), फ्यूज, नाहीतर उंदराने तोडलेली वायर.

इंजिन जोमात फिरतं पण पेट घेत नाही: पेट्रोल, स्पार्क, किल्लीची चिप किंवा पुन्हा उंदीर.

सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते: आधी किल्लीवर संशय घ्या, मग हवेच्या वाटेवर.

सुरू होते पण जागची हलत नाही: ब्रेक धरलेत. इंजिनाला काही झालेलं नाही.

बोनेट उघडताना

बोनेटचा खटका ओढा, पण हात आत घालण्याआधी काठीने झाकण वर उचला, दोन पावलं मागे सरा आणि टॉर्च मारून बघा. पावसात कोरडी, उबदार जागा सगळ्यांनाच हवी असते. आमच्या भागात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, आणि उंदराच्या मागावर साप बोनेटमध्ये शिरतो. साप दिसला तर काठीने ढोसू नका, झाकण तसंच उघडं ठेवून सर्पमित्राला बोलवा. गांधीलमाशीचं पोळं बहुधा बोनेटच्या बिजागरीपाशी किंवा आरशाच्या मागे असतं. सायलेन्सरच्या तोंडातही बघा, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते.

मग उंदराच्या खुणा शोधा: लेंड्या, सुंभाचे धागे, बोनेटच्या आतल्या अस्तराचा कापूस. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा हाताने निघतात, त्या काढून झाकण उचला. मी उघडतो तेव्हा कितीदा तरी कागदी फिल्टरच्या घड्यांमध्ये कुरतडलेल्या काजूबिया रांगेने ठेवलेल्या असतात, आणि एका कोपऱ्यात फिल्टरचाच कागद चघळून केलेली गादी. असा फिल्टर बदलायचाच. इंजिनाला श्वास मिळत नसेल तर गाडी सुरू होऊन गुदमरते.

वायर कुरतडलेली दिसली आणि आतलं तांबं उघडं पडलं असेल, तर सेल्फ मारायचा नाही. दोन उघड्या वायरी एकमेकींना किंवा बॉडीला चिकटल्या तर फ्यूज जाणं हा स्वस्तातला परिणाम. कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गेलं तर खर्च हजारांत जातो. पेट्रोलचा पाइप कुरतडला असेल तर बोनेट उघडताच वास येतो. वास आला की तिथेच थांबायचं आणि मेकॅनिकला बोलवायचं.

टर्मिनल

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच, आणि बरेचदा एवढ्यावरच काम होतं. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं हाताने फिरवून बघा. हाताने हललं तर ते सैल आहे. वर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर तो गंज. खाऱ्या, दमट हवेत तो दुप्पट वेगाने येतो की काय असं वाटावं इतका येतो. दिव्याला लागणारा थोडासा करंट या थरातून जातो, पण सेल्फला लागणारा शे-दीडशे अँपिअर जात नाही. म्हणून दिवे लागतात आणि गाडी उठत नाही.

बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. याला कारण आहे. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लागलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर जबर ठिणगी पडते. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने भुकटी घासा, साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा. आतला भाग बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. ती भुकटी डोळ्यांत जाऊ देऊ नका. निगेटिव्हची वायर बॉडीला जिथे बोल्टने लागते तो सांधाही बघा. टर्मिनल साफ करतात आणि ही जागा सगळेच विसरतात.

बॅटरी

तीन-चारशे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर गावच्या घरी असलाच पाहिजे असं माझं मत आहे. तो डीसी २० व्होल्टवर लावून गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन खुंटांवर धरा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे पाव, आणि ११.९ च्या खाली रिकामीच समजा.

ती रिकामी का होते? गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, घड्याळ आणि कंट्रोल युनिटची मेमरी थोडा करंट ओढत असतात. चांगल्या गाडीतही हा ओढा २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ३० धरला तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास जातो. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे साधारण दीड महिन्यात ती कोरडी. तुम्ही गेलात जूनमध्ये आणि आलात भाद्रपदात, तोवर तीन महिने झाले. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, जीपीएस किंवा डॅशकॅम थेट बॅटरीवर घेतला असेल तर दीड महिनाही लागत नाही. अशी बॅटरी ‘खराब’ नसते, उपाशी असते. मात्र ती जितकी उपाशी राहील तितके आतल्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसत जातात, आणि मग चार्ज करूनही ती पूर्वीइतकी ताकद धरत नाही.

कट-कट आवाजाचं कारणही इथेच आहे. सेल्फवरचा सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा स्विच) ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढला जातो. तेव्हा पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून उरलेला चार्ज घालवण्यापेक्षा बॅटरी काढून बाजारातल्या बॅटरीवाल्याकडे द्या आणि सावकाश चार्ज करायला सांगा. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने, रात्रभर. ‘तासाभरात देतो’ असं म्हणणाऱ्याकडे देऊ नका. भरमसाट करंटने बॅटरी तापते आणि प्लेटा वाकतात. बॅटरीला पाण्याची झाकणं असतील तर प्लेटा बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचं, नळाचं किंवा फिल्टरचं पाणी नको. चार्ज करून आणल्यावर गाडीत न लावता काही तास तशीच ठेवा आणि परत मोजा. साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर सहांपैकी एक खाना गेला आहे, ती बॅटरी बदला. १२.६ दाखवते पण सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाते, तरी बदला. नाहीतर पैसे वाचवा. बदलायची ठरली तर आधी वॉरंटी कार्डावरची तारीख बघा.

अजून एक मोजणी, मेकॅनिकही क्वचित करतात अशी. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर धरा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळ राहायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला तर करंट त्या सांध्यात अडतोय, बॅटरी बदलण्याआधी तो साफ करा. हे पाच मिनिटांत कळतं आणि बरेचदा नव्या बॅटरीचे चार-पाच हजार वाचतात.

जंपर लावायचा तर

शेजाऱ्याची गाडी जवळ आणा, पण दोन गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. लाल वायर आधी आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक शेजाऱ्याच्या पॉझिटिव्हला. काळी शेजाऱ्याच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. ठिणगी त्याच्याजवळ नको. शेजाऱ्याची गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मगच आपला सेल्फ मारा. काढताना उलट्या क्रमाने.

रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त जंपर वायरी बाहेरून जाड दिसतात, आत तांबं नावाला असतं. वायर हाताला गरम लागली तर सोडून द्या. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा सडक्या अंड्यासारखा वास मारणारी असेल तर जंपर लावायचाच नाही, तिथून दूर व्हायचं आणि बॅटरीवाल्याला बोलवायचं. वायरी उलट्या लागल्या तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि कंट्रोल युनिट दोन्ही जाऊ शकतात. शंका असेल तर माणूस येईपर्यंत थांबा.

धक्का मारून सुरू करणं आता विसरा. ऑटोमॅटिक आणि एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) गाडी तशी होत नाही. मॅन्युअल गाडीतही बॅटरी पूर्ण उतरली असेल तर पेट्रोल पंप आणि इंजेक्टर यांना वीजच मिळत नाही. शेणाने सारवलेल्या खळ्यात चार माणसं घसरण्याखेरीज काही साधत नाही.

सेल्फ फिरतो, गाडी पेटत नाही

एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. सेल्फची मोटर थोड्या सेकंदांसाठी बनवलेली असते. ती तापली की आतल्या गुंडाळीचं इन्सुलेशन जळतं.

इग्निशन ऑन करा आणि डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलूप-गाडीचं चित्र लुकलुकतंय का ते बघा. लुकलुकत राहिलं तर गाडीने किल्लीतली चिप ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून बघा. ती बहुधा मुंबईच्या घरी कपाटात असते, म्हणून गावी येताना दोन्ही आणा. बटन-स्टार्ट गाडीत किल्लीचा छोटा सेल संपला असेल तर बऱ्याच गाड्यांत किल्ली बटनालाच टेकवून बटन दाबलं की चालतं. मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीची जागा दिलेली असते.

मग इग्निशन ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या. पेट्रोल पंप दोनेक सेकंद ‘घूंऽऽ’ करून थांबला पाहिजे. आवाजच नसेल तर त्याचा फ्यूज बघा. फ्यूज चांगला असेल तर फ्यूज बॉक्समधला पंपाचा रिले काढून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावून बघा. अदलाबदल फुकट आहे. त्यानेही आवाज आला नाही तर पंप जाम झालाय किंवा वायर तुटलीय. टाकी उघडणं हे घरच्या अंगणातलं काम नाही, इथे थांबा.

पंप चालतो तरी पेटत नाही, तर पेट्रोलकडे वळा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाव टाकी भरलेली गाडी तीन महिने दमट हवेत उभी राहिली की टाकीतल्या हवेतली वाफ आत उतरते. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर करून तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. थोडासाच फरक असेल तर दहा-पंधरा लिटर ताजं पेट्रोल घातल्यावर गाडी ओढून नेते. थर वेगळा झाला असेल तर वरून कितीही ओता, टाकी रिकामी करावी लागते.

सीएनजीवाल्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. मालक पेट्रोल एका काडीवर ठेवून वर्षभर गॅसवर फिरतो. गॅस फुल असतो आणि गाडी सुरू होत नाही, कारण टाकीच्या तळाशी उरलेलं ते चार लिटर पेट्रोल जुनं आणि ओलसर झालेलं असतं.

बऱ्याच वेळा सेल्फ मारून पेट्रोलचा वास सुटला असेल तर प्लग ओले झालेत. एक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्या या वेळी पेट्रोल तोडतात आणि हवेने सिलिंडर वाळतात.

डिझेल गाडी असेल तर फिल्टरखालच्या नळीतून साचलेलं पाणी सोडा, आणि हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. एवढंच घरी. इंजेक्टरचे पाइप सैल करून हवा काढण्याचा जुना उपाय आताच्या कॉमन रेल इंजिनावर (प्रचंड दाबाने डिझेल सोडणाऱ्या) अजिबात करू नका. त्या पाइपातला दाब कातडी फाडून आत शिरतो.

पाणी शिरलं असेल तर

२२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या. अशा गाडीचं इंजिन सेल्फ मारल्यानेही मरू शकतं. सिलिंडरमध्ये पाणी असलं आणि पिस्टन वर आला तर हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चिखलाची रेघ चाकाच्या मधल्या नटाच्या वर दिसली, किंवा पायाखालचा गालिचा ओला लागला, तर फक्त बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि ऑइलची पट्टी बघा. ऑइल दुधाळ कॉफीसारखं असेल तर शंका उरत नाही. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी चाकं उचलून टो करून न्या. चालू गाडीत पाणी शिरून इंजिन गेलं तर एकवेळ समजावता येतं, पण बुडाल्यावर सेल्फ मारून गेलेल्या इंजिनाचा दावा विमा कंपन्या नाकारू शकतात.

सुरू झाली, पण हलत नाही

हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी तीन महिन्यांनी हँडब्रेक सोडला तरी सुटत नाही. मागचे लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये हळूच आलटूनपालटून झोका द्या, बहुधा ‘टाक’ असा आवाज होऊन सुटतात. दोन-चार झोक्यांत सुटले नाहीत तर क्लच जाळू नका, चाक काढून ड्रम ठोकावा लागतो. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल, घरघर होत असेल, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. जोर करू नका, गॅरेजवाल्याला बोलवा.

सुरू झालेल्या गाडीवर मल्टिमीटर परत धरा. १३.८ ते १४.५ दाखवला तर अल्टरनेटर चार्ज करतोय. १२ च्या घरात असेल तर गाडी बाजारापर्यंत जाईल आणि तिथेच बसेल. अंगणात अर्धा तास नुसती चालू ठेवून बॅटरी भरत नाही, तासभर चालवा. पण त्याआधी सपाट वाटेवर सावकाश जाऊन ब्रेक चार-पाचदा दाबा. डिस्कवरचा तांबूस गंज घासून जाऊ द्या. पेडल खाली जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर घाट उतरायला निघू नका.

पुढच्या जूनमध्ये निघताना टाकी वरपर्यंत भरा, हँडब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा, आणि १० च्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह काढून बाजूला बांधा. निगेटिव्ह काढलं की सेंट्रल लॉक चालत नाही, म्हणून ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप साध्या किल्लीने फिरतंय ना ते आधी बघा. बऱ्याच गाड्यांत ते कुलूप वर्षानुवर्षं वापरलेलंच नसतं आणि आत गंजलेलं असतं. त्यात थोडं ग्राफाइट घाला, दोनदा फिरवा, मगच दार लावा.